दोन ते पाच वीस

दुपारचे दोन वाजले की आमच्या घरातला टीव्ही बंद व्हायचा, मिक्सर बंद व्हायचा आणि दारातली शेळी माय लांब चिंचेखाली नेऊन बांधायची. पाच वाजून वीस मिनिटांनी आतल्या खोलीची कडी निघायची. मग घरात पुन्हा बोलणं सुरू व्हायचं. जवळजवळ तीन वर्षं आमच्याकडे असं चाललं.

आत माझी मोठी बहीण ऐश्वर्या नीटचा पेपर सोडवत असायची. डॉक्टरीला जायची ती परीक्षा. खरी परीक्षा वर्षातून एकदा, नांदेडला. ताई रोज द्यायची.

वसमतपासून अकरा किलोमीटरवर, कालव्याला लागून आमचं गाव आहे. बाबा, म्हणजे नरसिंग कंडक्टर, वसमत डेपोत. माय जनकाबाई गावातल्या अंगणवाडीची सेविका. ताई दहावीला शाळेत पहिली आली तेव्हा विहारात तिचा सत्कार झाला. कोणीतरी माइकवर म्हणालं, आता आपल्या वस्तीतून पहिली डॉक्टर निघणार. ताईनं मान खाली घालून हार घेतला होता. मी तेव्हा आठवीत होते, आणि हार सुकल्यावर तो मला मिळावा एवढीच माझी इच्छा होती.

बारावीबरोबर तिनं पहिल्यांदा परीक्षा दिली, तीनशे सत्त्याऐंशी मार्क पडले. मग एक वर्ष लातूरला क्लास केला, चारशे एकाहत्तर झाले. तिसऱ्या वर्षापासून ती घरीच राहिली. म्हणाली, क्लासमध्ये आता नवीन काही शिकवत नाहीत, मला फक्त सराव पाहिजे. तिथून ते दोन ते पाच वीस सुरू झालं.

मला त्या बंद खोलीचं फार कुतूहल होतं. दाराच्या वरच्या फळीला एक फट होती. मी स्टुलावर चढून बघायची. ताई परीक्षेला जावं तशी तयार होऊन बसलेली असायची. अर्ध्या बाह्यांचा फिक्कट कुर्ता, पायात साधी चप्पल, कानात काही नाही, हातात दोरासुद्धा नाही. परीक्षा केंद्रावर काढून ठेवायला लावतात ते सगळं तिनं आधीच काढून ठेवलेलं. समोर पेपर, उत्तरांचा गोल-गोलांचा कागद, काळं बॉलपेन. तीन तास वीस मिनिटं ती खुर्चीतून उठायची नाही. एकदा तिच्या मनगटावर माशी बसली होती. ती माशी किती वेळ तिथं चालत राहिली, आणि ताईनं हात हलवला नाही. मीच स्टुलावर बेचैन झाले.

पेपर तपासून ती बाहेर आली की मी विचारायची, "ताई, किती आले आज?"

"पाचशे चाळीस."

"मग चांगले हायेत की."

"बत्तीस चुकले," ती म्हणायची आणि परत आत जायची.

आता त्या बत्तिसांचं काम असायचं. मायनं तिला अंगणवाडीच्या हजेरीपटासारखी लांब रजिस्टरं आणून दिली होती. त्यात ती प्रत्येक चूक लिहायची. ती काय लिहिते हे मला बरीच वर्षं माहीत नव्हतं. मला वाटायचं, बरोबर उत्तरं लिहीत असेल.

तिसऱ्या वर्षीचा निकाल लागला तेव्हा ताई म्हणाली, "पाचशे दोन. थोडक्यात हुकलं." बाबांनी डोक्यावरून हात फिरवला. मायनं विचारलं, "अजून एक डाव देतीस का?" ताईनं हो म्हटलं. किती मार्कांना नंबर लागतो हे आमच्या घरात फक्त ताईलाच कळत होतं. चौथ्या वर्षी तिचे मार्क वाढले, पण त्या वर्षी सगळ्यांचेच वाढले. पुन्हा राहिलं.

तोवर ती बरीच बदलली होती. केस विरळ झाले होते. जेवताना ती घास मोजल्यासारखी खायची आणि कोणाच्या लग्नाला, बारशाला यायची नाही. भीमजयंतीची मिरवणूक आमच्या दारावरून जाते. परीक्षा तोंडावर आलेली असायची, म्हणून माय आधीच जाऊन पोरांना हात जोडायची, "आमच्या घरापुढं जरा आवाज बंद ठिवा रे लेकरांनो." पोरं ऐकायची. तेवढ्या दहा-बारा घरांपुढून मिरवणूक मुकाट जायची, आणि पुढं गेल्यावर पुन्हा ढोल सुरू व्हायचा. खिडकीचा पडदा कधी हलला नाही.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात मी बी. ए.च्या पहिल्या वर्षाला होते. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला वसमतच्या बसस्टँडसमोर कुलदीपभाऊच्या ऑनलाइनच्या दुकानात गेले. तिसऱ्या वर्षापर्यंतचे ताईचे फॉर्म त्यांनीच भरलेले, पुढचे ती घरीच मोबाइलवर भरायची. माझं नाव टाइप करता करता ते हसून म्हणाले, "तुझी ताई आता सेकंड इयरला असल न? डॉक्टरीणबाईंना म्हणावं, आमाला इसरू नका."

मला कळेना. "भाऊ, ताई घरीच हाय. तिचा नंबर कुठं लागला?"

त्यांनी टाइप करायचं थांबवलं. "असं कसं? मीच तर प्रिंट काढून दिली. सरकारी कॉलेज होतं. लांबचं होतं, पण सरकारी होतं."

"दुसरी कोणी ऐश्वर्या असंल."

"थांब," म्हणून त्यांनी कॉम्प्युटरमधलं जुनं काहीतरी उघडलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. ताईचा फोटो होता. बाबांचं नाव होतं. खाली कॉलेजचं नाव, आणि सहा दिवसांत कागदपत्रं घेऊन हजर राहावं असं लिहिलेलं. तारीख तिसऱ्या वर्षाची. पाचशे दोनची.

घरी येईपर्यंत बसमध्ये मी एकच गोष्ट घोळवत होते. राग यायला पाहिजे होता, पण आला नाही. मला फक्त कळून घ्यायचं होतं. ज्या दारासाठी ती एवढी वर्षं उभी होती ते उघडलं, आणि ती आत गेली नाही. काहून?

मायला मी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ताई आंघोळीला गेली तेव्हा मी रजिस्टरांचा गठ्ठा काढला. एकूण एकोणीस होती. मी पहिलंच उघडलं आणि तिथंच खाली बसले.

प्रत्येक पानावर उभ्या रेघा. तारीख, प्रश्न क्रमांक, मी काय लिहिलं, बरोबर काय. आणि शेवटचा रकाना, कारण. "घाई." "नाही हा शब्द वाचला नाही." "कुकरची शिट्टी." "शेळी ओरडली." "दीक्षा खोकली." "बाबांची चप्पल." "दीक्षा." "दीक्षा दाराशी." म्हणजे मी स्टुलावर चढलेली तिला कळत होती. मी पानं उलटत गेले आणि माझं नाव मोजत गेले. एका रजिस्टरात सदतीस वेळा होतं.

मग ती तारीख शोधली. कॉलेजात हजर व्हायचे सहा दिवस. त्या पानांवर खऱ्या परीक्षेतल्या तीस चुका लिहिल्या होत्या आणि एकोणतिसांपुढं कारण होतं. प्रश्न एकशे अठ्ठेचाळीसपुढचा रकाना कोरा. दुसऱ्या दिवशी फक्त तोच प्रश्न पुन्हा लिहिलेला, पुढं कोरं. तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, सहाही दिवस. त्याच्यापुढं ती काहीच लिहू शकली नव्हती.

ताई टॉवेल गुंडाळून दारात उभी होती.

"ठिव ते," ती म्हणाली.

"ताई, एकशे अठ्ठेचाळीस काय होतं?"

ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ती माझ्याजवळ येऊन बसली. कित्येक दिवसांनी एवढी जवळ बसली असेल.

"हृदयाच्या झडपेचा होता. सोपा. दहावीतलं पोरगं बी सांगल. मला येत होतं, दीक्षा. मनात बराबर उत्तर होतं. आन् पेननं दुसराच गोल काळा केला. काहून केला, अजून सापडलं न्हाई."

"कुलदीपभाऊनं सांगितलं मला. कॉलेजाचं."

तिनं मान हलवली. आश्चर्य वाटलंच नाही तिला.

"तू गेली काहून न्हाई?"

"कशी जाणार? येत असून हात चुकतो, तर उद्या मी कोणाला सुई टोचायची? कागदावर पाच मार्क गेले. तिथं माणूस जाईल. मला वाटलं, आधी हे काहून झालं ते सापडू दे. मग जाईन. पुढच्या वर्षी बी नंबर लागलच की. मग ते सापडंना."

"माय-बाबाला सांगायचं होतं."

"काय सांगू? नंबर लागला पण भेव वाटून राहिलं म्हणून? बाबानं सगळ्या डेपोला पेढे वाटले असते."

तिनं रजिस्टर माझ्या हातातून घेतलं, गठ्ठ्यात बरोबर जागेवर ठेवलं, आणि दोन वाजता कडी लावली.

मी कोणाला सांगितलं नाही, ही माझी चूक झाली. मी तिचं कोडं सोडवायच्या मागं लागले होते आणि तिच्याकडे बघायचं राहून गेलं. त्याच महिन्यात जाहीर झालं की परीक्षेचा वेळ आता पुन्हा तीनच तास, दोन ते पाच. वीस मिनिटं कमी झाली. ताई पंधरा दिवस जेवण सोडल्यासारखी फिरत राहिली. वेळ वाचवायचा म्हणून तिनं दुपारी बारानंतर पाणी प्यायचं बंद केलं, मध्येच लघवीला उठावं लागू नये म्हणून. पुढं पुढं सकाळचंही बंद केलं. हे आम्हाला नंतर कळलं.

मार्चमध्ये, गावात हळदी शिजवायचे दिवस होते, तिला सकाळपासून थंडी वाजत होती. मायनं अंगाला हात लावला तर चटका बसला. "आज ऱ्हाऊ दे," माय म्हणाली. ताईनं ऐकलं नाही. दोन वाजता कडी लागली. तीनच्या सुमाराला आतून कण्हल्याचा आवाज आला. मी फटीतून बघितलं. ताई कमरेत वाकली होती, एका हातानं पोटाची बाजू दाबून धरलेली, आणि दुसऱ्या हातानं गोल काळे करत होती.

"ऐशू, कडी काढ," माय म्हणाली.

"दोन तास राहिलेत."

"कडी काढ म्हणते न!"

"माय, बोलू नको. चुकतंय माझं."

ज्या मायनं तीन वर्षं शेळीलासुद्धा ओरडू दिलं नव्हतं, तिनं कोपऱ्यातलं मुसळ उचललं आणि दारावर घातलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा कडीचा खिळाच निघाला. शेजारीपाजारी जमा झाले. शेजारच्या शिवहारकाकांनी त्यांची अ‍ॅपे रिक्षा दाराशी आणली आणि आम्ही ताईला वसमतच्या सरकारी दवाखान्यात नेलं. वाटेत ती मला म्हणत होती, "एकशे सहापर्यंत झालं होतं. लक्षात ठिव."

किडनीला जंतुसंसर्ग झाला होता. तिथल्या डॉक्टर निलम मॅडम वयानं ताईपेक्षा पाच-सहा वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनी विचारलं, पाणी किती पितेस? ताईनं तोंड भिंतीकडे फिरवलं. मग मीच सगळं सांगितलं. पाण्याचं, रजिस्टरांचं, दोन ते पाच वीसचं. मॅडमनी काही लिहून घेतलं नाही, नुसत्या ऐकत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. मॅडम सलाईन बघायला आल्या तेव्हा ताईनं पहिल्यांदा तोंड उघडलं.

"मॅडम, तुम्हाला परीक्षेत किती मार्क होते?"

मॅडम जरा विचारात पडल्या. "चारशे... काहीतरी होते गं. आठवत नाही आता."

ताई त्यांच्याकडे बघतच राहिली. मी तिचा असा चेहरा कधी पाहिला नव्हता. एखाद्यानं आपल्याला स्वतःचं नाव आठवत नाही असं सांगावं, तशी ती बघत होती.

"खरंच आठवत न्हाई?"

"खरंच नाही. कुठंतरी कागद असेल."

"मॅडम, तुमच्याकडून कधी चुकतं का?"

"चुकतं की. परवाच मी औषधाचा डोस चुकीचा लिहिला. सिस्टरनी धरला, मला विचारायला आल्या. माझंही दुसऱ्याच्या चुकांवर लक्ष असतं. एकटं कोणी बरोबर नसतं गं इथं."

संध्याकाळपर्यंत ती छताकडे बघत पडून राहिली. मी एकदा विचारलं, काय विचार करतीस? तर म्हणाली, "सिस्टरला कसं कळलं असंल, डोस चुकला म्हणून? ते तर डॉक्टरनं लिवलं होतं."

त्याच दिवशी बाबा ड्यूटी संपवून खाकी कपड्यांवरच आले. मी त्यांना बाहेर बाकावर नेऊन कॉलेजचं सांगितलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"म्हंजी लागला होता नंबर?"

"व्हय."

"सहा दिवस होते म्हणतीस. त्या टायमाला मी रजेवर होतो. घरीच होतो की मी." एवढंच ते दोन-तीनदा म्हणाले. मग आत जाऊन ताईच्या पायथ्याशी बसले. "लेकरा, भेव वाटून राहिलं तर आमाला सांगावं. मी चौदा वर्षं गाडीत हाय. पहिल्या वर्षी मी पाच प्रवाशांला भलत्याच गावाचं तिकीट दिलं होतं. एक म्हातारी औंढ्याला जायची ती जवळाबाजारला उतरली. माझ्यामुळं."

ताई उठून बसली. "मग तिचं काय झालं?"

"मागच्या गाडीनं गेली. जाताना मला शिव्या दिल्या."

ताई हसली. बाबा रडत होते.

माय मात्र चिडली, आणि कॉलेजचं कळल्यावर आठ दिवस ताईशी बोलली नाही. सगळं रांधून वाढायची, बोलायची नाही. नवव्या दिवशी तिनं स्वतः ताईच्या डोक्याला तेल लावलं आणि म्हणाली, "मी बी तुला कोंडलं. त्या पोरांचा ढोल बंद करायला मीच जात होते."

निलम मॅडमनी चिठ्ठी दिली. हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजाराचे डॉक्टर बघतात, तिथं ताईला नेलं. आधी दर पंधरा दिवसांनी, मग महिन्यानं. गोळ्याही होत्या. एकदम काही बदललं नाही. दुपारी दोन वाजत आले की तिचे डोळे घड्याळाकडे जायचे. मग ती पेपर घ्यायची, पण दार उघडं ठेवून, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून चुका लिहायच्या नाहीत. ते तिला सगळ्यात जड गेलं. एकदा मी तिला भिंतीवर बोटानं काहीतरी लिहिताना पाहिलं.

त्या वर्षी प्रवेशपत्र आलं होतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "मी जात न्हाई." आम्ही तिला कोणी काही विचारलं नाही. रविवारी बाबांनी रजा काढली आणि आम्ही चौघं सिद्धेश्वरच्या धरणावर गेलो. दोन वाजले तेव्हा आमच्यातलं कोणीच बोललं नाही. ताईनं पाण्याकडे बघितलं, मग कोंडीबा नावाचा एक म्हातारा जाळं सुकवत होता त्याच्याकडे गेली.

"बाबा, ह्या जाळ्याची भोकं एवढी मोठी काहून हायेत?"

"बारकी मासळी निघून जावी म्हणून, बाई. ती पुढच्या वर्षी लागती."

ती तिथंच उकिडवी बसून त्याला किती तरी वेळ काही विचारत राहिली. किती इंचाचं भोक, कोणत्या माशाला कोणतं जाळं. साडेतीनला परत येऊन म्हणाली, "भूक लागली." आम्ही तळलेले मासे खाल्ले.

लोक अजूनही विचारतात, पुन्हा परीक्षा दिली का, डॉक्टर झाली का? नाही झाली. ती आता नांदेडला लॅब टेक्निशियनचा कोर्स करते, आणि सुट्ट्यांमध्ये कळमनुरीला शिलामावशीकडे राहून तिथल्या एका लॅबमध्ये शिकायला जाते. सुरुवातीला एकेक नमुना पाच-पाचदा तपासायची. लॅबचे सर वैतागायचे. आता दोनदा तपासते. गोळ्या कमी झाल्यात, बंद नाही झाल्या. एप्रिल आला की तिची झोप अजून उडते. रजिस्टरांचा गठ्ठा माळ्यावर आहे. फेकू का, असं मायनं विचारलं, तर ती म्हणाली, राहू दे.

गेल्या महिन्यात मी बाजाराच्या दिवशी कळमनुरीला गेले होते. ताई पांढऱ्या कोटात, केस घट्ट बांधून सूक्ष्मदर्शकावर वाकलेली. मला बघून म्हणाली, "ये, हे बघ."

मी डोळा लावला. फिक्कट गुलाबी गोल, त्यात मध्येमध्ये जांभळे.

"हे जांभळं काय हाय?"

"पांढऱ्या पेशी. तो कडेचा बघ, वाकडा. तो काय हाय सांगता येईना मला. सकाळपासून बघून राहिले."

"मग?"

"मग काय, सरांना बोलवलंय. ते यायलेत." ती खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली. "तवर तू बघ न. तुला काय वाटतं?"

मला काहीच कळत नव्हतं. तरी मी बराच वेळ बघत राहिले.